पाचर किती अंशांची?

फेंगड्या पायांचा पेशंट दारातून आत येतो तेव्हाच अनुभवी ऑर्थोपेडिक सर्जनचं निम्मं निदान झालेलं असतं. पाऊल टेकलं की गुडघा क्षणभर बाहेरच्या अंगाला लचकतो आणि पाऊल उचलताना परत जागेवर येतो. दर पावलाला ही लचक, आणि दर लचकेला गुडघ्याच्या आतल्या निम्म्या भागावर जादा भार. पेशंट सांगतो, "गादी घासलीय म्हणतात, गॅप राहिली नाही." सोबत आणलेला एक्स-रे गुडघ्यापुरताच असतो. सर्जन तो बाजूला ठेवतो आणि दुसरा काढायला पाठवतो. खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्खा पाय, उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन, गुडघ्याच्या वाट्या सरळ समोर.

या लांब एक्स-रेवर मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेघ मारतात. तिला आपण भाररेषा म्हणू. पाय सरळ असेल तर ती गुडघ्याच्या मधोमध, किंवा मध्याच्या किंचित आतून जाते. गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघतो तशीच ही तपासणी, फक्त भिंत जागची हलत नाही आणि पाय चालतो. फेंगड्या पायात ही रेघ आतल्या बाजूला सरकलेली असते. कधी तर ती सांध्याच्या आतल्या कडेच्याही पलीकडून, दोन पायांमधल्या मोकळ्या जागेतून जाते.

इथे घाई करून चालत नाही. पाय फेंगडे म्हणजे गुडघा बिघडलेला, असं समीकरण नाही. बेल्जियममध्ये कसलाही त्रास नसलेल्या २५० तरुण स्त्री-पुरुषांचे असे लांब एक्स-रे काढले, तेव्हा ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातल्या ठेवणीनेच तीन अंश किंवा त्याहून जास्त फेंगडे निघाले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे पुस्तकातला 'सरळ पाय' हा बऱ्याच जणांच्या वाट्याला कधी आलेलाच नसतो. मात्र एकदा का झीज सुरू झाली, की हीच ठेवण वैरी होते. अमेरिकेतल्या २००१ सालच्या एका अभ्यासात, संधिवात जडलेल्या गुडघ्यांपैकी ज्यांचे पाय फेंगडे होते त्यांची आतल्या बाजूची झीज अवघ्या दीड वर्षात वाढण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट आढळली. कारण उघड आहे. आतल्या बाजूची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, त्यामुळे सांधा आतल्या बाजूला आणखी बसतो, त्यामुळे पाय आणखी फेंगडा होतो, त्यामुळे भार आणखी आत सरकतो. कूर्चेची जाडी असते दोन ते चार मिलिमीटर, तिला रक्तवाहिन्या नाहीत, आणि गेलेली कूर्चा शरीर पहिल्यासारखी भरून देत नाही.

यातलं यंत्रशास्त्र साधं आहे. एका पायावर भार घेतला की जमिनीकडून वर येणारा जोर गुडघ्याच्या मधून जात नाही, थोडा आतून जातो. सत्तर किलोच्या माणसाचं वजन सुमारे ७०० न्यूटन. हा जोर गुडघ्याच्या मध्यापासून चार सेंटीमीटर आतून गेला तर गुडघ्याला वाकवू पाहणारा पीळ झाला २८ न्यूटन-मीटर. पाय फेंगडा झाला आणि अंतर सहा सेंटीमीटर भरलं, तर ४२. वजन तेवढंच, माणूस तोच, पीळ दीडपट. हा पीळ सांध्याचा बाहेरचा कप्पा उघडू पाहतो आणि आतला दाबत राहतो.

उपाय दोन. एक, सगळ्यांना माहीत असलेला, वाटी बदलण्याचा, म्हणजे कृत्रिम सांध्याचा. दुसरा कमी ऐकलेला. गुडघा तसाच ठेवायचा, खालचं नडगीचं हाड सांध्याजवळ कापायचं, त्याचा कोन बदलायचा आणि भार झिजलेल्या कप्प्यावरून चांगल्या कप्प्याकडे वळवायचा. याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात. डॉक्टरमंडळी नुसतं 'एचटीओ' म्हणून मोकळी होतात. ब्रिटनमध्ये जॅक्सन आणि वॉ यांनी १९६१ साली ही शस्त्रक्रिया मांडली, आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्रींनी १९६५च्या निबंधाने तिला नाव मिळवून दिलं. कॉव्हेंट्री नडगीच्या बाहेरच्या अंगाने हाडाची पाचर काढून टाकत आणि फट मिटवत. आज जास्त चालतो तो उलटा प्रकार. आतल्या अंगाने हाडाला काप द्यायचा, तो हळूहळू उघडायचा आणि पट्टी-स्क्रूंनी ती फट तशीच धरून ठेवायची. फटीत पुढे नवं हाड भरून येतं.

कृत्रिम सांधे इतके चांगले झाल्यावर ही जुनी युक्ती मागे पडायला हवी होती. ती तगली, कारण पन्नाशीच्या आतबाहेरच्या, राबत्या माणसाला कृत्रिम सांधा घालायला सर्जन कचरतात. तो सांधाही एक दिवस झिजणार. जपानमध्ये तर जमिनीवर गुडघे मुडपून बसण्याची रीत, त्यामुळे स्वतःचा गुडघा राखण्याला तिथे फार मोल आहे. मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एचटीओचा सर्वांत प्रसिद्ध आकडाही जपानमधूनच आला. फुजिसावा आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ५४ गुडघ्यांत दुर्बीण घालून पाहिलं की शस्त्रक्रियेनंतर झिजलेल्या कप्प्याचं काय होतं. भाररेषा मध्यापासून बाहेरच्या कप्प्यात ठरावीक अंतरावर गेलेली असेल तर निकाल सर्वांत चांगले, असं त्यांना आढळलं. पुढे नियोजनासाठी हे अंतर नडगीच्या माथ्याच्या रुंदीच्या टक्क्यांत सांगायची पद्धत पडली. आतली कड शून्य, बाहेरची शंभर, आणि निशाणा ६२ टक्क्यांच्या आसपास. त्याला 'फुजिसावा बिंदू' असंच नाव पडलं. गंमत अशी की फुजिसावांनी मध्यापासून बाहेरच्या निम्म्या भागाचे ३० ते ४० टक्के म्हटलं होतं, म्हणजे पूर्ण रुंदीत ६५ ते ७० टक्के; ६२ ते ६६चा पट्टा रूढ केला तो १९९२च्या एका अमेरिकी निबंधाने. नाव मात्र फुजिसावांचंच राहिलं. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या सर्जननी, आणि नंतर त्यांच्या सॉफ्टवेअरनी, याच बिंदूवर नेम धरला.

आता ऑपरेशन टेबलाजवळ जाऊ. नडगीच्या आतल्या बाजूने, सांध्याखाली काही सेंटीमीटरवर, तिरक्या दोन तारा घालतात आणि त्यांच्या आधाराने करवत चालवतात. काप बाहेरच्या कडेपर्यंत न्यायचा नाही. शेवटचा सुमारे एक सेंटीमीटर हाडाचा भाग शाबूत ठेवायचा; तीच बिजागरी. मग एकावर एक पातळ छिन्न्या सारत फट उघडत न्यायची, सावकाश, कारण घाईने उघडलं तर बिजागरीला तडा जातो. फट किती उघडायची? जुना ठोकताळा असा, की एका अंशाला एक मिलिमीटर. तोंडपाठ करायला छान, पण तो फक्त ५७ मिलिमीटर लांबीच्या कापाला लागू पडतो. एक अंशाची पाचर टोकाशी किती उघडते ते बिजागरीपासूनच्या अंतरावर ठरतं, आणि ते अंतर ५७.३ असेल तरच उत्तर एक मिलिमीटर येतं. धिप्पाड माणसात काप ७० मिलिमीटर लांब असतो. त्याला दहा अंश हवे असतील तर फट १२.२ मिलिमीटरची लागते. ठोकताळ्याने दहाच उघडली तर मिळतात जेमतेम आठ अंश, आणि सर्जनला मात्र वाटतं की दहा दिले.

खात्री करायची पद्धतही बऱ्याच ठिकाणी साधी असते. रक्तस्राव थांबवण्याच्या यंत्राची लांब वायर खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ताणून धरतात आणि सी-आर्मच्या, म्हणजे टेबलाजवळच्या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर ती गुडघ्यावरून कुठून जाते ते बघतात. पेशंट झोपलेला, पायावर वजन नाही, मदतनीस पाय धरून उभा. पाय थोडा आत-बाहेर फिरला की वायर सरकते. एवढी मोठी शस्त्रक्रिया, आणि मोजमाप असं.

संगणकाचं पहिलं काम इथेच लागतं, आणि ते भूमितीचं आहे. खुबा, गुडघा आणि घोटा यांचा सीटी स्कॅन घ्यायचा, पडद्यावर हाडं त्रिमितीत उभी करायची, तिथेच काप द्यायचा, तिथेच फट उघडायची आणि भाररेषा कुठे जाते ते वाचायचं. सपाट एक्स-रेवर न दिसणारी एक गोष्ट यात लगेच दिसते. नडगीचा माथा मागच्या बाजूला थोडा उतरता असतो. आतल्या अंगाने फट उघडताना पुढची आणि मागची बाजू सारखीच उघडली तर हा उतार वाढतो आणि गुडघ्यातल्या अस्थिबंधांवर त्याचा ताण येतो. नडगीची आतली-पुढची बाजू तिरपी असल्यामुळे पुढची फट मागच्या फटीच्या साधारण निम्मी ठेवावी लागते. हातात छिन्नी असताना हे डोळ्यांनी साधणं कठीण. संगणकावर काप ठरला, की त्या पेशंटच्या हाडाच्या उंचसखलपणावर एकाच जागी चपखल बसेल असा मार्गदर्शक साचा त्रिमितीय प्रिंटरवर छापून घेता येतो, आणि करवत त्याच्या खाचेतूनच चालते.

पण हाड मोडेल का, पट्टी टिकेल का, हे भूमितीला सांगता येत नाही. ते काम 'फायनाइट एलिमेंट' पद्धतीचं. तिचं मूळ विमानाच्या पंखात आहे. १९५०च्या दशकात बोइंग कंपनीसाठी पंखांचा कणखरपणा मोजताना टर्नर, क्लफ आणि सहकाऱ्यांनी पंखाचे छोटे तुकडे कल्पून प्रत्येकाचं गणित मांडायची रीत बसवली. १९६० साली क्लफ यांनी तिला हे नाव दिलं. १९७२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तीच रीत मांडीच्या हाडाला लावली. आज एका नडगीचे लाखो तुकडे करतात. सीटी स्कॅनमध्ये जिथे हाड पांढरंशुभ्र तिथे ते दाट, म्हणून कडक. जिथे करडं तिथे पोकळसर, म्हणून मऊ. प्रत्येक तुकड्याला त्याच्या करडेपणावरून कडकपणा देतात, वर शरीराचा भार ठेवतात, आणि कुठे किती ताण येतो ते संगणक सोडवून देतो.

या चित्रात सगळ्यांचे डोळे बिजागरीवर जातात. हाड ताणून त्याची लांबी जेमतेम दोनेक टक्के वाढली तरी ते तडकतं, आणि दहा-बारा मिलिमीटरची फट उघडताना सगळं वाकणं त्या सेंटीमीटरभर हाडाला सोसायचं असतं. तडा कुठल्या दिशेने गेला यावरून जपानच्या ताकेउचींनी २०१२ साली त्याचे तीन प्रकार केले. सर्वांत वाईट तो सांध्यात वर घुसणारा. बिजागरी किती जाड ठेवावी, काप कुठे थांबवावा, त्याच्या टोकाशी छोटं भोक पाडलं तर ताण पसरतो का, असे प्रश्न प्रत्यक्ष पेशंटवर आलटून-पालटून विचारता येत नाहीत. मॉडेलमध्ये तीच नडगी हवी तितक्या वेळा कापता येते.

इथवर सगळं हाडांचं झालं. खरी अडचण स्नायूंची आहे. गुडघ्यावर नुसतं वजन येत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काही पेशंटना असे कृत्रिम गुडघे बसवले होते ज्यांच्या आत जोर मोजणारी यंत्रणा आणि रेडिओ होता. त्यांनी पाठवलेले आकडे २०१० साली प्रसिद्ध झाले. सपाटीवर चालताना गुडघ्यातला दाब शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त, आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. वजनाच्या वरचा हा दाब मुख्यतः स्नायूंनी आवळून निर्माण केलेला असतो. तोल सांभाळायला मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी ओढतात, आणि दोघांच्या ओढीत सांधा चेपला जातो.

स्नायूंचा हिशेब मांडायला १९९० साली अमेरिकेत स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी पायाचं एक संगणकी मॉडेल तयार केलं. त्यात एका पायात स्नायूंच्या ४३ दोऱ्या होत्या, आणि ते केलंच होतं मुळी हाडांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास करायला. पुढे त्याच वाटेवर स्टॅनफर्डमध्ये 'ओपनसिम' हे मोफत सॉफ्टवेअर झालं. २००७ पासून ते जगभर वापरात आहे. पेशंटच्या पायांवर चमकणारे ठिपके चिकटवून त्याला कॅमेऱ्यांसमोर चालवतात, जमिनीतली पाटी पावलाचा जोर मोजते, आणि मॉडेल मागे जात जात कुठल्या स्नायूने किती ओढलं असेल ते काढतं. अडचण अशी, की स्नायू पुष्कळ आणि समीकरणं थोडी, त्यामुळे उत्तरं असंख्य. मग 'शरीर कमीत कमी कष्टात काम उरकतं' असं गृहीत धरून त्यातलं एक निवडतात. निरोगी माणसाबाबत ते ठीक. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस मात्र घाबरून सगळेच स्नायू आवळून चालतो. कष्ट वाचवणं त्याच्या मनातही नसतं.

हे गृहीतक किती खरं ते तपासायला बी. जे. फ्रेग्ली आणि सहकाऱ्यांनी २०१० पासून एक स्पर्धाच लावली. रेडिओ बसवलेल्या गुडघ्याच्या पेशंटची चाल, एक्स-रे, सीटी सगळी माहिती जाहीर करायची. गुडघ्यातले मोजलेले जोर मात्र झाकून ठेवायचे. स्पर्धकांनी आधी अंदाज द्यायचा, मग आकडे उघडायचे. मॉडेलवाल्यांच्या जगात इतका प्रामाणिक खेळ क्वचितच होतो, आणि त्यात भल्याभल्यांचे अंदाज चुकले. त्याच काळात अशाच एका गुडघ्यावरून आणखी एक गोष्ट कळली. चाल बदलून बाहेरून मोजलेला पीळ कमी केला, तरी आतल्या कप्प्यावरचा दाब तितकाच कमी होईल याची हमी नाही. वर आपण २८ आणि ४२ न्यूटन-मीटरचा जो हिशेब केला तो अपुरा ठरतो तो इथे.

याची चाहूल शिकागोतल्या एका अभ्यासाने १९८५ सालीच दिली होती. प्रोड्रोमॉस, अँड्रियाची आणि गॅलांते यांनी एचटीओआधी पेशंटची चाल मोजली. ज्यांच्या गुडघ्यावरचा पीळ आधीच कमी होता, म्हणजे जे आपोआप सांभाळून चालत होते, त्यांचे निकाल पुढे चांगले टिकले. एक्स-रे सारखे, पाचरही सारखी, निकाल वेगळे. माझ्या मते एचटीओच्या सगळ्या संगणकी कामातला हा कळीचा निबंध आहे, जरी त्यात आजच्या अर्थाने मॉडेल काहीच नव्हतं. भूमितीची सॉफ्टवेअरं, छापलेले साचे, हे सगळं नेम अचूक करतं. निशाणा बरोबर आहे का, हे विचारायला पेशंट चालताना बघावा लागतो.

निशाण्याचा प्रश्न घेणारी मॉडेल अलीकडे येऊ लागली आहेत. एमआरआयवरून कूर्चा आणि गादी उभी करायची, चालण्याचा भार द्यायचा, आणि भाररेषा एकेक टक्का सरकवत दोन्ही कप्प्यांतला दाब बघायचा. यांतल्या काहींना आढळलं, की दोन्ही कप्पे समतोल होतात ते ५५ टक्क्यांच्या आसपास. ६२च्या पुढे गेलं की चांगला कप्पा उगाच भरडला जायला लागतो. फुजिसावा दुर्बिणीतून झिजलेला कप्पा सुधारतोय का ते बघत होते, ही मॉडेल चांगला कप्पा बिघडतोय का तेही बघतात. दोघांची उत्तरं वेगळी आली यात नवल नाही.

मॉडेलवर विश्वास टाकण्याचं सर्वांत धीट उदाहरण इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचं. तिथे रिची गिल यांच्या गटाने 'टोका' नावाची पद्धत बसवली. त्यात साचा तर पेशंटच्या मापाचा असतोच, हाडाला लागणारी टायटॅनियमची पट्टीही त्याच्याच हाडाच्या वळणाप्रमाणे छापतात. नेहमीची पट्टी जाडजूड असते आणि बऱ्याच जणांना ती त्वचेखाली टोचत राहते. पण नवी, पातळ पट्टी सुरक्षित आहे हे दाखवायचं कसं? त्यांनी २८ पेशंटच्या सीटी स्कॅनवरून संगणकात चाचणी घेतली. प्रत्येकाच्या नडगीवर एकदा जुनी पट्टी, एकदा नवी, आणि दोन्हींवर रोजच्या हालचालींचे भार. खऱ्या चाचणीत एका माणसाला दोन्ही उपचार एकाच गुडघ्यात देता येत नाहीत; इथे देता आले. नवी पट्टी जुनीइतकीच सुरक्षित ठरली. हा निबंध २०२१ साली आला, आणि त्याच्या लेखकांत स्पर्धा लावणारे फ्रेग्लीही आहेत. प्रत्यक्ष माणसांवर ही पद्धत इटलीत बोलोन्याच्या रिझ्झोली संस्थेत वापरून पाहिली गेली, आणि ब्रिटनच्या औषध-उपकरण नियामकांनीही तिथल्या रुग्णालयांत चाचणीला परवानगी दिली.

तरी या २८ जणांच्या संगणकातल्या गुडघ्यांत दुखणं नव्हतं, हे ध्यानात ठेवावं लागतं. पट्टी मोडेल का हे ताणावरून सांगता येतं. पेशंट सहा महिन्यांनी जिना चढताना कण्हेल का, हे सांगता येत नाही. कूर्चेला नसा नसतात, दुखणं हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, कधी आणखी कुठून येतं. शिवाय सीटी स्कॅन पडून काढलेला असतो. उभं राहिल्यावर सैल अस्थिबंधांमुळे सांधा आणखी किती उघडतो ते त्यात दिसत नाही, म्हणून उभ्या एक्स-रेची जोड द्यावीच लागते. नाही तर सांध्यातली सैल जागा हाडातला दोष समजून सर्जन पाचर जास्त उघडतो. आणि दुखणं थांबल्यावर माणूस पूर्वीसारखा चालत नाही. वेग वाढतो, पाऊल लांबतं, लचक जाते. ऑपरेशनआधीच्या चालीवर बसवलेलं मॉडेल तेव्हा एका वेगळ्याच माणसाबद्दल बोलत असतं.

म्हणून बरेच सर्जन आता एकाच बिंदूला चिकटून राहत नाहीत. आतला कप्पा पुरता झिजला असेल तर भाररेषा ६० टक्क्यांच्या पुढे, झीज थोडी असेल तर पन्नाशीच्या जरा पुढे, असा पट्टा धरतात. संगणक ५५ म्हणतो ते बरोबर की नाही, याचा निकाल लागायला वेळ आहे. एचटीओ यशस्वी झाली की नाही, हे तो गुडघा आणखी किती वर्षं कृत्रिम सांध्यावाचून चालला यावर ठरतं, आणि त्यासाठी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं पेशंटच्या मागे राहावं लागतं.